‘क्रॅक’ : आधी आवाज ऐका, मग अर्थ लावा

एकाच घरात, एकाच दिवशी कानावर पडू शकतील अशी ही तीन वाक्यं वाचा. “ताईच्या मैत्रिणीने पहिल्याच फटक्यात एमपीएससी क्रॅक केली.” “न्हाणीघराच्या भिंतीला क्रॅक गेलाय, गवंड्याला बोलवायला हवं.” “वरच्या मजल्यावरचे ते काका जरा क्रॅक आहेत, त्यांच्या नादी लागू नकोस.” तिन्ही वाक्यं मराठीच आहेत आणि ती समजायला कोणालाही शब्दकोश लागत नाही. पण हाच शब्द इंग्रजी पानावर दिसला की भली भली मंडळी अडखळतात.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना मी इंग्रजी शिकवते. एकदा वर्गात ‘क्रॅक द विंडो अ लिटल, इट्स हॉट इन हिअर’ हे वाक्य आलं. एका हुशार मुलाने त्याचा अर्थ लिहिला, “खिडकीची काच थोडी फोड, इथे उकडतंय.” त्याने शब्दकोशातला पहिला अर्थ प्रामाणिकपणे लावला होता. खरा अर्थ होता, “खिडकी जरा किलकिली कर.” चूक त्याची नव्हतीच. आम्ही त्याला शब्द पाठ करायला लावले होते, ऐकायला शिकवलं नव्हतं. त्या दिवसापासून मी हा शब्द वेगळ्या वाटेने शिकवते. ती वाट इथे पायरीपायरीने मांडते आहे. वही-पेन घेऊन बसलात तर जास्त उपयोग होईल.

पहिली पायरी : आवाज कानात पक्का करा

‘क्रॅक’ हा मुळात आवाज आहे. जुन्या इंग्रजीत ‘क्राकियन’ असं क्रियापद होतं आणि त्याचा अर्थ होता कडकन आवाज होणं, निनादणं. तडा जाणं, फुटणं हे अर्थ त्याला नंतर चिकटले. म्हणजे आधी कानाला कळलेली गोष्ट आणि मग डोळ्यांना दिसलेली. मराठीतही नेमकं हेच झालं आहे. ‘तड्’ असा आवाज झाला, त्यातून तडा आला, तडकणं आलं, फोडणीतली मोहरी तडतडली, माणूस तडकाफडकी निघून गेला. ‘कड्’ या आवाजातून कडकड, कडाडणं आणि कडकडाट आले. आपल्या भाषेत हे नातं इतकं उघड आहे, की इंग्रजी शब्द समजून घेण्याचं अर्धं काम आपल्या आजी-पणजीनेच करून ठेवलं आहे.

वीज जवळ पडली की आधी काय ऐकू येतं? कडकडाट. दूर पडली तर? गडगडाट. इंग्रजीत पहिल्याला ‘अ क्रॅक ऑफ थंडर’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘रंबल’. कडकडाट म्हणजे क्रॅक आणि गडगडाट म्हणजे रंबल, ही जोडी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. आवाज कोरडा, टोकदार आणि एका क्षणात संपणारा असेल तर तो क्रॅक. बंदुकीची गोळी सुटते तो क्रॅक, वाळकी फांदी मोडते तो क्रॅक, बॅटच्या मधोमध चेंडू बसतो तोही क्रॅक. फुगा फुटला तर मात्र ‘पॉप’ आणि दार आपटलं तर ‘बँग’.

पोतराज गल्लीत आला की त्याचा आसूड हवेत कडाडतो, तोही ‘क्रॅक’च. त्यात एक गंमतीची गोष्ट दडलेली आहे. आसुडाचं टोक त्या क्षणी आवाजाच्या वेगापेक्षा, म्हणजे ताशी सुमारे १,२३५ किलोमीटरपेक्षा, जास्त वेगाने जातं आणि म्हणून तो कडाका उठतो. लढाऊ विमानाचा जो धडाका होतो, त्याचंच हे छोटं भावंड. इथे काहीच फुटलेलं नाही, काही तुटलेलंही नाही, तरी शब्द ‘क्रॅक’च आहे, हे लक्षात घ्या. ‘क्रॅक द व्हिप’ असा वाक्प्रचार वाचलात तर धाक दाखवून काम करवून घेणं असा अर्थ लावा. आसूड अंगावर पडण्याचीही गरज नाही, नुसता आवाज पुरतो.

बोटं मोडण्याला इंग्रजीत ‘क्रॅक युअर नकल्स’ म्हणतात. पण इथे जरा थांबा. आपल्याकडे कोणाच्या नावाने कडाकडा बोटं मोडणं म्हणजे शिव्याशाप देणं, आणि लेकराची दृष्ट काढून कानशिलावर बोटं मोडणं म्हणजे माया. इंग्रजीत यातला एकही अर्थ नाही. तिथे माणूस बोटं मोडतो तेव्हा त्याला ती सवय असते किंवा तो काम सुरू करण्याच्या तयारीत असतो. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते तेव्हा तो आवाज येतो. बोटं मोडल्याने संधिवात होतो अशी एक जुनी समजूत आहे. अमेरिकेतल्या डोनाल्ड अंगर नावाच्या डॉक्टरांनी ती पडताळायला साठ वर्षांहून जास्त काळ फक्त डाव्या हाताची बोटं मोडली. दोन्ही हातांत काहीच फरक पडला नाही. त्यांना २००९ साली इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार पारितोषिक.

दुसरी पायरी : काय तडकलं ते शोधा, आणि किती

उन्हाळ्यात माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो. खणखणीत वाजला तर चांगला, बद्द वाजला तर कुठेतरी तडा आहे. माठ अजून माठच असतो, दोन तुकडे झालेले नसतात. ‘क्रॅक’चा गाभा हाच आहे. तडा गेला, पण वस्तू एकसंध आहे.

‘ब्रेक’ आणि ‘क्रॅक’ यांत मुलांचा सर्वात मोठा गोंधळ होतो, म्हणून इथे थोडं रेंगाळते. ‘द ग्लास क्रॅक्ट’ म्हणजे पेल्याला तडा गेला. ‘द ग्लास ब्रोक’ म्हणजे पेला फुटला, आता झाडू आणा. ‘द ग्लास शॅटर्ड’ म्हणजे ठिकऱ्या उडाल्या. मोबाइलच्या दुरुस्तीसाठी इंग्रजीत लिहिताना ‘माय स्क्रीन इज क्रॅक्ट’ आणि ‘माय स्क्रीन इज ब्रोकन’ यांत फरक पडतो. पहिल्यात फोन बहुधा चालू असतो.

याचं सर्वात बोलकं उदाहरण अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात आहे. तिथली लिबर्टी बेल ही घंटा १७५२ साली लंडनहून आली आणि वाजवून बघतानाच तिला तडा गेला. तिथल्या कारागिरांनी ती वितळवून पुन्हा ओतली. तिचा आवाज कायमचा गेला तो १८४६ मध्ये. आज छायाचित्रात जी रुंद भेग दिसते, ती बरीचशी दुरुस्तीच्या वेळी मुद्दाम रुंदावलेली आहे. तड्याच्या दोन कडा एकमेकींवर घासून आवाज बिघडू नये, म्हणून त्या एकमेकींपासून दूर केल्या होत्या. तरी एक नवा तडा पुढे गेलाच. घंटा अखंड उभी आहे, लोक रांगा लावून बघतात, पण ती वाजत नाही. ‘क्रॅक्ट’ आणि ‘ब्रोकन’ यांतला फरक विसरलात तर ही घंटा आठवा.

मराठीत या एका शब्दासाठी चार शब्द आहेत, आणि भाषांतर करताना नेमका शब्द निवडायचा असतो. जमिनीला आणि टाचांना पडते ती भेग. मराठवाड्यातली काळी माती उन्हात आकसते तेव्हा हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या ‘क्रॅक्स’. माठाला, काचेला, मैत्रीला जातो तो तडा. बारीक, केसासारखी दिसते ती चीर, इंग्रजीत ‘हेअरलाइन क्रॅक’. आणि दोन फळ्यांमध्ये मुळातच असते ती फट. फटीला तर काही तडकावंही लागत नाही. नात्यांबद्दल लिहिताना आपण ‘तडा गेला’ असं एकवचन वापरतो, इंग्रजीत मात्र बहुतेक वेळा अनेकवचन येतं. ‘क्रॅक्स अपिअर्ड इन द अलायन्स’, म्हणजे आघाडीत बिघाडीची चिन्हं दिसू लागली. ‘पेपरिंग ओव्हर द क्रॅक्स’ म्हणजे भेगांवर कागद चिकटवणं, थोडक्यात मलमपट्टी करून भांडण झाकणं.

स्वयंपाकघरात हा शब्द वेगळाच वागतो. ‘क्रॅक अ‍ॅन एग’ म्हणजे अंडं फोडणं. पाकिटावर ‘क्रॅक्ट पेपर’ लिहिलं असेल तर आत जाडसर भरडलेली मिरी आहे, पूड नाही. ‘क्रॅक्ट व्हीट’ म्हणजे आपला दलिया. इथे तडकणं नाही, भरड आहे. दाणा फुटलाय, पण त्याचं पीठ झालेलं नाही. अर्धवट फुटण्याचा तोच गाभा इथेही टिकून आहे.

आता वस्तूंकडून माणसांकडे या. ‘हर व्हॉइस क्रॅक्ट’ म्हणजे बोलता बोलता तिचा गळा दाटून आला, आवाज कापला. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाबद्दल असेल तर आवाज फुटला, घोगरा झाला. याचं भाषांतर चुकूनही ‘कंठ फुटला’ असं करू नका. कंठ फुटणं म्हणजे तोपर्यंत गप्प असलेला माणूस बोलू लागणं, अगदी उलटा अर्थ. ‘ही क्रॅक्ट अंडर प्रेशर’ म्हणजे दबावाखाली तो कोसळला. आणि पोलीस तपासाच्या बातमीत ‘द सस्पेक्ट क्रॅक्ट’ आलं तर संशयित अखेर फुटला, सगळं ओकला. इथे मराठी आणि इंग्रजी हातात हात घालून चालतात.

कवच फोडून आतला गर काढणं हा याच पायरीवरचा, पण जरा मोठा अर्थ. अक्रोड फोडतात तो ‘क्रॅक’. त्यावरून ‘अ टफ नट टु क्रॅक’ आलं, म्हणजे आपल्याकडचे लोखंडाचे चणे. तिजोरी फोडणारा ‘सेफक्रॅकर’. गुप्त लिपी उलगडणं म्हणजे ‘क्रॅक द कोड’. १९३२ साली पोलंडचे गणिती मारियान रेयेव्स्की यांनी जर्मनीच्या एनिग्मा या गुप्त लिपीत संदेश लिहिणाऱ्या यंत्राची आतली जोडणी मुख्यतः गणिताच्या जोरावर शोधून काढली, आणि पुढे ब्रिटनच्या ब्लेचली पार्क या गुप्त संदेश उलगडण्याच्या केंद्रात त्याच पायावर मोठं काम झालं. एनिग्मा ‘क्रॅक’ केलं असं म्हणतात ते यालाच. यंत्र कोणी हातोडीने फोडलं नव्हतं. कठीण कवचाच्या आत गर आहे आणि तो हाती लागला, हे चित्र डोळ्यांपुढे ठेवा. ‘आय हॅव क्रॅक्ट इट!’ असं कोणी ओरडलं तर त्याला खूप वेळ न सुटलेलं कोडं सुटलं आहे.

रसायनशास्त्रातही हेच चित्र आहे. खनिज तेलातले लांबलचक रेणू उष्णता देऊन तोडले की लहान रेणू मिळतात. या तोडण्याला ‘क्रॅकिंग’ म्हणतात. अमेरिकेत विल्यम बर्टन यांना अशा प्रक्रियेचं पेटंट १९१३ मध्ये मिळालं, आणि तेवढ्याच तेलातून जास्त पेट्रोल निघू लागलं. रायगड जिल्ह्यात नागोठण्याला राहणाऱ्यांना ‘गॅस क्रॅकर’, म्हणजे वायूतले रेणू असेच तोडणारा कारखाना, हा शब्द परका नाही. ज्या मुलांना पुढे केमिकलला जायचंय, त्यांनी ‘क्रॅकर’ म्हणजे फटाका एवढंच धरून ठेवू नये. व्यापाराच्या पानावर ‘क्रॅक स्प्रेड’ दिसलं तर कच्चं तेल आणि त्यातून निघणारं पेट्रोल-डिझेल यांच्या किमतींतला फरक असा अर्थ घ्या.

तिसरी पायरी : फट बघा

आवाज नाही, तडकणं नाही, तरी ‘क्रॅक’ आहे, असं झालं तर फट शोधा. ‘द डोअर वॉज ओपन अ क्रॅक’, दार किलकिलं होतं. ‘अ क्रॅक ऑफ लाइट’, फटीतून आलेली प्रकाशाची रेघ. सुरुवातीचं खिडकीचं वाक्य इथलंच. अमेरिकन घरांत ते रोज ऐकू येतं, तेव्हा तिकडे मुलाकडे जाणाऱ्या आजी-आजोबांनीही ते ऐकून ठेवावं.

‘फॉल थ्रू द क्रॅक्स’ हा वाक्प्रचार सरकारी योजनांच्या बातम्यांत फार येतो. कोणत्याच यंत्रणेच्या नजरेत न येता राहून गेलेली माणसं, दोन खात्यांच्या मधल्या फटीतून खाली पडलेली. मराठीत ‘वंचित राहिले’ असं लिहून आपण मोकळे होतो, पण त्यात फट दिसत नाही. ‘दोन खात्यांच्या मधल्या मध्ये राहून गेले’ असं लिहिलं तर मूळ अर्थाच्या जवळ जातं.

‘अ‍ॅट द क्रॅक ऑफ डॉन’ म्हणजे तांबडं फुटताना. इंग्रजीत पहाटेला ‘क्रॅक’ आणि मराठीत ‘फुटणं’. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता उजाडण्याला फुटणंच म्हणावं, हे मला प्रत्येक वेळी नव्याने आवडतं.

चौथी पायरी : शेजारचा छोटा शब्द वाचा

इंग्रजीत क्रियापदाला एखादा छोटा शब्द जोडला की अर्थाची दिशाच बदलते. इथे तर्क फार चालत नाही, थोडं पाठांतर करावंच लागतं. तरी आवाजाचा धागा सोडू नका.

‘क्रॅक अप’चे दोन टोकांचे अर्थ आहेत. ‘शी क्रॅक्ट अप’ म्हणजे तिला हसू आवरेना, हसू फुटलं. पण तेच वाक्य एखाद्या दमल्या-भागल्या, खचलेल्या बाईबद्दल असेल तर ती मनाने कोसळली. मागचं-पुढचं वाक्य वाचल्याशिवाय ठरवू नका. तिसरा एक जुना अर्थ आज फक्त एकाच साच्यात उरला आहे. ‘क्रॅक’चा जुना अर्थ बढाई मारणं, वाखाणणं असाही होता, म्हणून ‘इट्स नॉट ऑल इट्स क्रॅक्ट अप टु बी’ म्हणजे जेवढी तारीफ ऐकली होती तेवढं काही ते नाही. आपण याला ‘बडा घर पोकळ वासा’ किंवा ‘नाव सोनुबाई’ म्हणू.

‘क्रॅक डाउन’ वर्तमानपत्रात रोज असतं. अवैध वाळू उपशावर, कॉपीवर, फेरीवाल्यांवर कारवाईचा बडगा उगारणं म्हणजे ‘क्रॅक डाउन ऑन’. इथे ‘ऑन’ विसरू नका. नाम म्हणून लिहायचं असेल तर ‘क्रॅकडाउन’ असा एकच शब्द.

‘क्रॅक ऑन’ ब्रिटनमध्ये जास्त ऐकू येतं, अर्थ चाललेलं काम नेटाने पुढे नेणं. ‘गेट क्रॅकिंग’ म्हणजे चला, लागा कामाला. ‘हॅव अ क्रॅक अ‍ॅट इट’ म्हणजे एकदा करून तर बघ. आणि ‘क्रॅक अ जोक’ तर आपल्याला माहीतच आहे. तो ‘क्रॅक’ही गप्पा, बोलणं या जुन्या अर्थाच्याच जवळचा. ‘विनोद फोडला’ असं भाषांतर मी खरोखर वाचलेलं आहे. विनोद केला किंवा जोक मारला एवढंच म्हणा.

नामाच्या आधी विशेषण म्हणून आलेला ‘क्रॅक’ मात्र कौतुकाचा असतो. ‘अ क्रॅक शॉट’ म्हणजे अचूक नेमबाज. ‘अ क्रॅक टीम’ म्हणजे निवडक, तरबेज माणसांचं पथक. मराठीतल्या ‘क्रॅक’च्या सवयीने ‘वेड्यांचं पथक’ असं कोणी वाचलं तर बातमीचा अर्थच उलटा होईल. ब्रिटिश समालोचक ‘अ क्रॅकिंग शॉट’ म्हणतो तेव्हाही तो दाद देत असतो. ‘इट वॉज अ क्रॅकर ऑफ अ मॅच’, म्हणजे सामना जबरदस्त झाला. तोच समालोचक पाचव्या दिवशी ‘क्रॅक्स’ म्हणाला तर खेळपट्टीला भेगा पडल्या आहेत आणि फिरकीपटू खूश आहेत.

पाचवी पायरी : बोलणारा कुठला ते विचारा

हा टप्पा पुस्तकात सहसा नसतो, आणि परदेशात गेल्यावर नेमकी फजिती इथेच होते.

दिवाळीत आपण भारतीय इंग्रजीत ‘वी बर्स्ट क्रॅकर्स’ म्हणतो. भारतात ते सर्वांना कळतं. अमेरिकेत ‘क्रॅकर’ म्हणजे खारं, कुरकुरीत बिस्किट. मोडताना कडकन आवाज येतो, म्हणून ते नाव पडलं. आपल्याकडच्या क्रॅकजॅक बिस्किटाच्या नावातही तोच आवाज ऐका. म्हणजे तिथे आपलं वाक्य ‘आम्ही बिस्किटं फोडली’ असं ऐकू जाईल. तिथे ‘फायरक्रॅकर्स’ किंवा ‘फायरवर्क्स’ म्हणा आणि क्रियापद ‘सेट ऑफ’ घ्या. ब्रिटनमध्ये ‘क्रॅकर’चा तिसराच प्रकार आहे. नाताळच्या जेवणाच्या टेबलावर कागदी नळी असते, दोघांनी दोन टोकं ओढली की ‘चट्’ आवाज होतो आणि आतून कागदी टोपी, एखादं खेळणं, विनोद लिहिलेली चिठ्ठी बाहेर पडते. लंडनच्या टॉम स्मिथ या मिठाईवाल्याने १८४०च्या दशकात ही टूम काढली. तिथे ‘क्रॅकर्स’ बहुवचनात माणसाला लावलं, ‘ही इज क्रॅकर्स’, तर तो वेडा आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात मात्र माणसाला ‘क्रॅकर’ म्हणणं ही गोऱ्या गरिबांसाठीची शिवी आहे. तिथे हा शब्द माणसाबद्दल अजिबात वापरू नका.

आयर्लंडमध्ये कोणी ‘व्हॉट्स द क्रॅक?’ विचारलं तर घाबरू नका. तो फक्त ‘काय मग, काय चाललंय?’ असं विचारतोय. गप्पा या जुन्या अर्थाचा शब्द इंग्रजी-स्कॉट्समधून आयरिश भाषेत गेला, तिथे त्याला नवं आयरिश स्पेलिंग मिळालं आणि तो त्या वेशात परत आला. मैफल जमली की ‘द क्रॅक वॉज गुड’.

परीक्षा ‘क्रॅक’ करणं ही आपली, भारतीय इंग्रजीची, खास लकब आहे. क्लासच्या फलकांवर ती शोभते. पण परदेशी विद्यापीठाला पत्र लिहिताना ‘आय क्रॅक्ट द एक्झाम’ नको. वाचणाऱ्याला कदाचित वाटेल, की तुम्ही परीक्षेतली काही गुपितं फोडलीत. ‘आय पास्ट’ किंवा ‘आय क्वालिफाइड’ लिहा.

शेअर बाजाराच्या भारतीय बातम्यांत एखादा शेअर ‘क्रॅक’ झाला म्हणजे तो कोसळला. आपल्या मराठीत मात्र भाव कडाडले म्हणजे चढले! आवाज तोच, दिशा उलटी. अर्थविषयक बातम्यांचं भाषांतर करणाऱ्यांनी ही जोडी भिंतीवर चिकटवून ठेवावी.

मराठीतला ‘क्रॅक’, म्हणजे चक्रम, विक्षिप्त, हाही उपरा नाही. इंग्रजीत ‘क्रॅक्ट’ म्हणजे डोक्याला तडा गेलेला, आणि ‘क्रॅकपॉट’मधलं ‘पॉट’ म्हणजे डोक्याचं मडकंच. पण इंग्रजीत बोलताना ‘ही इज क्रॅक’ म्हणू नका, ते व्याकरणात बसत नाही. ‘ही इज ऑन क्रॅक’ तर मुळीच नको. १९८०च्या दशकात अमेरिकेत कोकेनचा एक स्वस्त, ओढायचा प्रकार पसरला. तापवताना तो तडतडतो म्हणून त्याला ‘क्रॅक’ नाव पडलं, आणि त्याने कितीतरी वस्त्या उद्ध्वस्त केल्या. हा शब्द तिथे अजूनही जखमेसारखा आहे. त्यावर सहज थट्टा करू नये असं माझं ठाम मत आहे. वेडसर, हटके माणसाबद्दल सौम्यपणे बोलायचं असेल तर ‘एक्सेंट्रिक’ पुरेसा आहे.

सहावी पायरी : ‘फुटणे’ म्हणजे दर वेळी ‘क्रॅक’ नव्हे

आतापर्यंत मराठीने साथ दिली, आता तीच मराठी सापळा लावते. आपल्याकडे ‘फुटणे’ हे क्रियापद इतकं दानशूर आहे, की ते पालवीपासून पेपरपर्यंत सगळ्यांना पुरतं.

पेपर फुटला म्हणजे ‘द पेपर लीक्ट’. ‘पेपर क्रॅक केला’ म्हणजे उत्तम सोडवला. एक गुन्हा, दुसरा पराक्रम. दूध फुटलं तर ‘कर्डल्ड’ किंवा ‘स्प्लिट’. घाम फुटला तर ‘ब्रोक इंटू अ स्वेट’. पालवी फुटली तर ‘स्प्राउटेड’. पाइप फुटला तर ‘बर्स्ट’. रस्त्याला फाटा फुटला तर ‘फोर्क्स’. थंडीत ओठ फुटले तर ‘चॅप्ट’ जास्त नेमकं, रक्त येण्याइतके चिरले असतील तर ‘क्रॅक्ट’ चालेल. टाळ्यांचा कडकडाट झाला तर त्यालाही ‘क्रॅक’ नाही, ‘थंडरस अप्लॉज’.

सोपी चाचणी सांगते. वस्तू कठीण आहे का? एकदम झालं का? कडक आवाज ऐकू आला, किंवा येऊ शकला असता का? तिन्हीला हो असेल तर बहुतेक वेळा ‘क्रॅक’ चालतो. दूध कठीण नाही, पालवी एकदम येत नाही, घामाला आवाज नाही.

आणखी एक. मराठीत ‘तडकणे’ आणि ‘फोडणे’ ही वेगळी क्रियापदं आहेत, एक आपोआप होणारं, दुसरं कोणीतरी करणारं. इंग्रजीत दोन्हीला एकच. ‘द कप क्रॅक्ट’, कप तडकला. ‘आय क्रॅक्ट द कप’, माझ्या हातून कपाला तडा गेला. ‘द कप गॉट क्रॅक’ असं काही नसतं.

सातवी पायरी : उच्चार

भूतकाळाचं रूप आपण ‘क्रॅक्ड’ असं म्हणतो. खरा उच्चार ‘क्रॅक्ट’ आहे. ‘क’नंतर ‘ड’ येत नाही, ‘ट’ येतो, जसं ‘लुक्ट’, ‘वॉक्ट’. म्हणूनच या लेखात मी सगळीकडे ‘क्रॅक्ट’ लिहिलं आहे.

मधला स्वर सांभाळा. ‘क्रीक’ लांब केलात तर ती खाडी होते, किंवा जुन्या दाराची करकर. दोन्हींचा उच्चार एकच, स्पेलिंग वेगळं. ‘क्रिक’ आखूड ठेवलात तर मानेत भरलेली उसण. ‘क्रोक’ म्हणजे बेडकाचं डरांव. एकापाठोपाठ पाच वेळा मोठ्याने म्हणा. वर्गात हसू फुटतं, पण त्यानंतर स्वर चुकत नाही.

आणि ‘क्रॅकल’. इंग्रजीत काही शब्दांच्या शेवटी ‘ल’ लागला की तीच क्रिया बारीक होते आणि पुन्हा पुन्हा होते. स्पार्क म्हणजे एक ठिणगी, स्पार्कल म्हणजे लुकलुकणं. क्रॅक म्हणजे एक ‘तड्’, क्रॅकल म्हणजे तडतड. आपण शब्द दोनदा म्हणून जे साधतो, ते इंग्रजी एका ‘ल’ने साधते. शेकोटी तडतडते तो ‘क्रॅकल’, जुन्या रेडिओची खरखरही ‘क्रॅकल’. कॅडबरीचं क्रॅकल खाताना दाताखाली जे होतं, तेही तेच.

आठवी पायरी : आठवडाभराचा सराव

वहीत तीन रकाने आखा : आवाज, तडा, फट. रोज वाचनात, समालोचनात किंवा मालिकेत भेटलेला प्रत्येक ‘क्रॅक’ पूर्ण वाक्यासकट यांपैकी एका रकान्यात टाका. नुसता शब्द लिहू नका, वाक्य नसेल तर दोन दिवसांनी तुम्हालाच काही आठवणार नाही. तिन्हीत न बसणाऱ्यांसाठी मागचं पान ठेवा. तिथे ‘क्रॅक टीम’, ‘क्रॅक ऑन’ अशी मंडळी जमतील. प्रत्येक वाक्याखाली मराठीत एक ओळ लिहा, पण अट अशी, की तिच्यात ‘क्रॅक’ हा शब्द येता कामा नये.

ही पाच वाक्यं आजच घ्या. उत्तरं झाकून ठेवा.

‘द पोलीस क्रॅक्ट द केस.’ ‘द पोलीस क्रॅक्ट डाउन ऑन ड्रंक ड्रायव्हिंग.’ ‘ही डिडन्ट क्रॅक अ स्माइल ऑल इव्हनिंग.’ ‘वी हर्ड अ क्रॅक अँड द ब्रांच केम डाउन.’ ‘शी ओपन्ड द डोअर अ क्रॅक अँड सेड, गेट क्रॅकिंग, द ट्रेन लीव्ज अ‍ॅट सिक्स.’

पोलिसांनी गुन्ह्याचा छडा लावला. पोलिसांनी दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांवर कारवाईचा बडगा उगारला. संध्याकाळभर त्याच्या चेहऱ्यावर हसू म्हणून उमटलं नाही. कडकन आवाज झाला आणि फांदी खाली आली. तिने दार किलकिलं केलं आणि म्हणाली, “चला, आवरा पटापट, सहाला गाडी सुटते.”